छापील अनियतकालिक की डिजिटल अंक?

तरुण मंडळींनी बिनपगारी कामावर कला-साहित्याचे नियतकालिक काढायचे ठरवले, की पहिला वाद हटकून छापील की डिजिटल यावरच होतो.

छापील अंकामागे मराठीत लघुअनियतकालिकांची, म्हणजे ठरावीक वेळापत्रकाविना निघणाऱ्या छोट्या अंकांची, परंपरा उभी आहे. मुंबईत १९५५ च्या सुमारास ‘शब्द’ निघाले आणि साठच्या दशकात अनेकांनी पदरमोड करून, प्रसंगी सायक्लोस्टाइल या स्टेन्सिलच्या यंत्रावर प्रती काढून, प्रस्थापित मासिकांत न बसणाऱ्या लेखनाला जागा दिली. छपाईचा हिशेब मात्र कठोर असतो. फॉर्म, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापला जाणारा पानांचा संच, सोळा पानांचा असल्यामुळे पन्नास पानांचा मजकूर जमला, तर दोन पाने गाळावी लागतात आणि ती बहुधा एखाद्या मित्राच्याच कवितेची निघतात. हा जाच मला उपकारक वाटतो, कारण त्यातूनच संपादन शिकता येते. नियमित नियतकालिकासाठी २०२३ च्या कायद्यानुसार नोंदणीही आलीच.

डिजिटल अंकाला कागद आणि टपालाचा खर्च नाही. रंगीत चित्रे, तालमीचे चित्रण, सारे त्यात सामावते आणि परदेशातील वाचकापर्यंत तो त्याच दिवशी पोहोचतो. परंतु जागा अमर्याद असल्याने नकार देण्याची सवय लागत नाही. शिवाय डोमेनचे शुल्क भरणारा एकुलता स्वयंसेवक नोकरीच्या धबडग्यात नूतनीकरण विसरला, तर सगळे जुने अंक दिसेनासे होतात. छापील अंकाची निदान एखादी प्रत रद्दीवाल्याकडे तरी सापडते. म्हणून माझा कल वर्षाकाठी बत्तीस पानांच्या एका छापील अंकाकडे आहे.