सल्फेट रेझिस्टिंग सिमेंटचं आयएसआय लायसन्स: दहा महिन्यांनंतर

लायसन्स हातात पडून दहा महिने झाले, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. आमचं विदर्भातलं छोटं ग्राइंडिंग युनिट. क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघालेला सिमेंटचा कच्चा खडा, विकत घ्यायचा, जिप्सम घालून दळायचा, पोती भरायची. ओपीसीचं, म्हणजे नेहमीच्या साध्या पोर्टलँड सिमेंटचं, लायसन्स आधीपासून होतंच. त्यामुळे मालकांचा समज असा की एसआरसी (सल्फेट रेझिस्टिंग सिमेंट) काढायचं म्हणजे पोतं वेगळं छापायचं, बस्स. पण सिमेंट २००३ च्या क्वालिटी कंट्रोल ऑर्डरखाली येतं आणि एसआरसीचं मानक वेगळं आहे, आयएस १२३३०. म्हणजे अर्ज नवा, नमुने नवे, आणि लायसन्स येईपर्यंत एक पोतंही विकायचं नाही.

या सिमेंटचा सगळा जीव ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेटमध्ये, आमच्या भाषेत सी-थ्री-ए. तो ५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. सांडपाण्यातलं किंवा जमिनीतलं सल्फेट त्याच्याशीच रिॲक्शन करतं, काँक्रीट आतून फुगतं आणि तडकतं. आमची पहिली ट्रायल बॅच याच आकड्यावर आपटली. ॲल्युमिना ४.४ टक्के, आयर्न ऑक्साइड ३.५. पहिल्याला २.६५ ने गुणा, दुसऱ्याला १.६९ ने, वजाबाकी करा: ५.७. चूक क्लिंकरवाल्याची नव्हती. आमच्या हॉपरच्या, म्हणजे क्लिंकर साठवायच्या टाकीच्या, तळाला जुना ओपीसीचा क्लिंकर राहिला होता. रजिस्टरमध्ये ‘हॉपर रिकामा’ अशी नोंद होती, आणि ती माझ्याच अक्षरात. हॉपर खरवडून काढला, मिलमधून निघालेला सुरुवातीचा माल बाजूला टाकला, तेव्हा पुढची बॅच ४.१ वर आली. हे गणित फार नाजूक आहे. टायट्रेशनमध्ये, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून करायच्या रासायनिक मोजमापात, ॲल्युमिना ०.१ ने चुकला की सी-थ्री-ए पाव टक्का सरकतो. म्हणून आता दोघं जण वेगवेगळं टायट्रेशन करतो आणि मगच आकडा लिहितो.

कागदपत्रांचा लोक उगाच बाऊ करतात. मशिनरीची यादी, लेआउट, कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं, केमिस्टची पदवी. फाइल आधी नीट लावलेली असेल तर अर्ज ऑनलाइन भरून होतो. एका कन्सल्टंटने ‘सगळे रिपोर्ट १५ दिवसांत आणून देतो’ म्हणून गळ घातली होती. ताकद मोजायला २८ दिवसांनी फोडायचा सिमेंटचा क्यूब १५ दिवसांत कसा फोडणार, हे विचारल्यावर त्याचा फोन आला नाही.

खरी परीक्षा लॅबच्या खोलीची झाली. क्यूब ७०.६ मिलिमीटरचा, २०० ग्रॅम सिमेंटला ६०० ग्रॅम तामिळनाडूतल्या एन्नोरची स्टँडर्ड वाळू, तीन ग्रेड सारख्या वजनाने. हे हाताला सवयीचं असतं. पण खोली आणि क्यूब पाण्यात ठेवायचा क्युरिंग टँक २७ अंशाला, फार तर दोन अंश इकडेतिकडे. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५! दुपारी लाइट गेली की एसी बंद, टँकमधलं पाणी तापायला लागलं. त्या आठवड्यात तीन दिवसांची स्ट्रेंग्थ १९ मेगापास्कल आली आणि मी खूश. बाहेरच्या लॅबमध्ये त्याच बॅचचे १५. किमान १० हवी असल्यामुळे पास दोन्हीकडे, पण फरक कसला ते कळायला २८ दिवस जावे लागले, कारण तेव्हा आमचेच क्यूब मागे पडले. गरम पाण्यात सिमेंट लवकर ताकद धरतं आणि पुढे त्याची किंमत मोजतं. इनव्हर्टर त्यानंतर आला.

आणखी एक फटका पोत्यांचा. छापणाऱ्याला जुनं डिझाइन दिलं होतं, त्यावर ओपीसीचा सीएमएल नंबर, म्हणजे लायसन्सचा क्रमांक, तसाच राहिला. पाच हजार पोती भंगारात. प्रूफ पाहून सही कोणी केली, हे विचारू नका.

आता उपयोगाचं. एसटीपी आणि ईटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पांची, कामं घेणारे कॉन्ट्रॅक्टर आधी उभं करत नव्हते, आता तेच फोन करतात. गाडी साइटवर पोचली की इंजिनीअर भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये नंबर टाकून बघतो आणि मगच माल उतरवू देतो. मध्यंतरी डीलरच्या गोदामातून नमुना उचलला गेला, तो पास झाला. रिपोर्ट येईपर्यंत मात्र घास उतरत नव्हता, खोटं कशाला सांगू.

कोकणातल्या एका डीलरने समुद्रालगतच्या बंगल्यासाठी दोनशे पोती मागितली होती. मी नको म्हटलं. खाऱ्या हवेत सळईचा खरा शत्रू क्लोराइड, आणि त्याला थोडंफार बांधून ठेवणारा सी-थ्री-ए नेमका या सिमेंटमध्ये कमी. काँक्रीटचं मानक आयएस ४५६ सुद्धा समुद्राच्या पाण्यासाठी स्लॅग किंवा पोझोलाना सिमेंट सुचवतं. मालक दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

या सगळ्या अनुभवाला माझे पाचपैकी चार गुण. एक कापला तो रोजच्या रजिस्टरसाठी. दोन माणसांच्या लॅबला दोन सिमेंटचं टेस्टिंग झेपत नाही, तिसरा माणूस धरूनच खर्चाचा हिशोब करा. आणि एसीची सर्व्हिसिंग मार्चमध्येच उरकून घ्या, मे उजाडला की मेकॅनिक फोन उचलत नाही.