आल्सासचा द्राक्षमार्ग : आई आणि मुलीसह तीन दिवस

फ्रान्समधील आल्सासचा द्राक्षमार्ग मार्लेनहाइमपासून थानपर्यंत सुमारे १७० किलोमीटरचा असून तो १९५३ पासून प्रवाशांसाठी आखलेला आहे. मात्र आई आणि सात वर्षांची मुलगी बरोबर असल्याने सगळा मार्ग पालथा घालण्याचा हट्ट सोडून आम्ही कोल्मारलाच तिन्ही रात्री मुक्काम केला, आणि तो निर्णय अगदी योग्य ठरला.

गाडी स्ट्रासबर्गला भाड्याने घेतली. तिथे दहा वर्षांखालील मुलांना त्यांच्या वजन-उंचीला साजेसे आसन सक्तीचे आहे, आणि आम्ही आधीच नोंदवलेले आसन कंपनीकडे तयार नव्हते, त्यामुळे दोन तास वाया गेले. ही चूक अक्षम्य आहे. आसनाची लेखी खात्री आदल्या दिवशीच करून घ्यावी.

एगिसहाइमने मात्र सगळा शीण घालवला. गावाच्या गल्ल्या एकात एक वर्तुळांत फिरतात, त्यामुळे आईला चढ-उतार न करता संपूर्ण गाव पाहता आले. एका कुटुंबाच्या तळघरात गेव्हुर्त्सत्रामिनर ही वाइन चाखायला मिळाली. आईने पेल्याचा नुसता वास घेतला आणि ‘अगं, हा तर गुलकंद!’ असे ती सुनेला म्हणाली. मुलीला त्यांनी आपणहून द्राक्षांचा रस दिला. गाडी मीच चालवत असल्याने चाखलेला प्रत्येक घोट मी तिथल्या भांड्यात थुंकला, कारण रक्तातील मद्याची मर्यादा लिटरमागे अर्धा ग्रॅम एवढीच आहे. आवडलेल्या दोन बाटल्या विकत घेतल्या आणि मुक्कामी पोहोचल्यावर उघडल्या.