पिनबॉल कॅबिनेटमधले मिरर ब्लेड: काही महिने वापरल्यावर

मशीन विल्यम्सचं, १९९७ चं मेडिव्हल मॅडनेस. आतल्या दोन्ही काळ्या भिंतींवर पॉलिश केलेल्या स्टेनलेसचे मिरर ब्लेड, म्हणजे आरशासारखे पत्रे आहेत. दिसतात झकास, रॅम्प (बॉल चढतो ते उतार) दुपटीने लांब वाटतात. पण खरी परीक्षा प्लेफील्ड (बॉल जिच्यावर फिरतो ती फळी) उचलताना होते आणि विक्रेत्याच्या फोटोत ती दिसत नाही.

ॲक्रिलिकचा आरसा जाड असतो, धूळ ओढतो आणि अल्कोहोल लागलं की त्याला बारीक तडे जातात. आरशासारखं विनाइल सर्वांत पातळ, पण प्लायवूडचा प्रत्येक उंचवटा त्यातून उमटतो. स्टेनलेसच घ्यावं.

निम्म्या तक्रारींचं मूळ जागेत आहे. स्टँडर्ड कॅबिनेट बाहेरून २२ इंच, भिंती पाऊण इंचाच्या, म्हणजे आत साडेवीस. प्लेफील्ड सव्वावीस. प्रत्येक बाजूला जेमतेम ३ मिमी उरतात. ०.६ मिमीचा पत्रा १.१ मिमीच्या फोम टेपवर चिकटवला की त्यातली निम्म्याहून जास्त फट गेली. म्हणून टेप पातळ हवा, आणि जुन्या फुगलेल्या प्लायवूडवर आधी प्रत्यक्ष मोजमाप हवं.

बसवताना कॉइन डोअर (पुढचं नाण्यांचं दार) उघडून लॉकडाउन बार, म्हणजे काच अडवणारी पुढची पट्टी काढा, काच सरकवून बाहेर घ्या, चारही बॉल काढून ठेवा, मग प्लेफील्ड बॅकबॉक्सला (मागच्या उभ्या पेटीला) टेकवून उभं करा. भिंत आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. फडकं काळं निघायचं थांबेपर्यंत पुसा, कारण टेप सुटतो तो याच काजळीमुळे. पत्रा मास्किंग टेपने तात्पुरता धरून प्लेफील्ड एकदा सावकाश खाली-वर करून बघा. कुठे घासत असेल तर ते आत्ताच कळतं. नीट बसला की वरची कड काचेच्या प्लॅस्टिक चॅनलखाली सारून पक्का चिकटवा. चॅनलखाली जाणारी संरक्षक फिल्म आधीच सोलून घ्या, नाहीतर तिचा तुकडा तिथेच अडकतो. बाकीची फिल्म सगळ्यात शेवटी काढायची. टेपची पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात. पहिले २४ तास प्लेफील्ड उभंच राहू द्या.

ओरखडे कमानीसारखे पडतात, कारण प्लेफील्ड फिरत वर येतं आणि कडेचा एखादा स्क्रू किंवा बाहेर आलेली वायर पत्र्यावर ओढली जाते. वायर आत बांधून टाका. प्लेफील्डच्या कडेला निसरडा यूएचएमडब्ल्यू (एका कणखर प्लॅस्टिकचा) टेप लावा, तोही पातळच. उचलण्याआधी दोन्ही फटींत गुळगुळीत प्लॅस्टिकचं पातळ शीट सारा. प्लेफील्ड मधोमध धरून सरळ उचलायचं. एका कोपऱ्याने उचललं की ते तिरपं होऊन दुसऱ्या बाजूला घासतं. स्टेनलेसवरचा खोल ओरखडा घरी जात नाही.

उजेडाचं कोणी सांगत नाही. कडेच्या पांढऱ्याफटक उघड्या एलईडीचं प्रतिबिंब थेट डोळ्यांत येतं, फ्लॅशर (जोरात लुकलुकणारे दिवे) तर आंधळंच करतात. जनरल इल्युमिनेशनला (प्लेफील्डच्या सततच्या उजेडाला) वॉर्म व्हाइट फ्रॉस्टेड एलईडी किंवा जुने ५५५ (साधे तारेचे) बल्ब लावले की त्रास बराच कमी होतो. प्रतिबिंबातल्या बॉलला मात्र आठवड्याभरात नजर सरावते; फ्लिपरजवळ (बॉल मारणाऱ्या दांड्यांजवळ) पत्रा अरुंदच असतो.

सफाई मायक्रोफायबरने, उभ्या दिशेत. प्लेफील्डला वॅक्स लावताना खालची कड कागदाने झाका.

फ्लिपर रिबिल्ड (झिजलेले भाग बदलणं) किंवा वायरिंगचं काम बाकी असेल, तर ते आधी उरका. रोज उचलाव्या लागणाऱ्या प्लेफील्डशेजारी हा पत्रा महिनाभरही चकचकीत राहणार नाही.