फ्लाइट सिम्युलेटरसाठी आरटीएक्स ४०६० टीआय: १६ जीबीच का?

२०२३ मध्ये आलेलं हे ग्राफिक्स कार्ड ८ आणि १६ जीबी मेमरी अशा दोन प्रकारांत आलं. चिप दोन्हींत तीच. बऱ्याच शूटिंग गेमसाठी ८ जीबीत भागतं, पण मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मोठं शहर, तपशीलवार विमान आणि अल्ट्रा टेक्स्चर (पृष्ठभागांवरची सर्वांत बारकाईची चित्रं) एकत्र आले की ८ जीबी भरते. मग डेटा संगणकाच्या रॅममध्ये सांडतो आणि नेमकं धावपट्टीवर उतरताना चित्र अडखळतं. अशा वेळी टेक्स्चर रिझोल्यूशन एक पायरी खाली आणा. ढग कमी करून मेमरी फारशी सुटत नाही.

खरेदीआधी एक तपासणी कराच. सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड चालू करून एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम, त्याचा) डिस्प्ले उघडा. ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ दिसलं तर अडचण प्रोसेसरची आहे, नुसतं महागडं कार्ड घालून पैसे वाया जातील. फ्रेम जनरेशनमुळे (कार्डाने मध्ये घातलेल्या जादा फ्रेममुळे) अशा ठिकाणीही चित्र गुळगुळीत दिसतं, मात्र जॉयस्टिकला मिळणारा प्रतिसाद त्याने जलद होत नाही. डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणारी सोय) लावल्यावर कॉकपिटच्या स्क्रीनवरचे बदलते आकडे पुसट होतात, त्यामुळे क्वालिटी मोडच्या खाली जाऊ नका.

कार्ड पीसीआयईच्या (मदरबोर्डशी जोडणाऱ्या मार्गाच्या) आठच लेन वापरतं. जुन्या पीसीआयई ३.० मदरबोर्डवर बँडविड्थ निम्मी होते, आणि मेमरी भरलेली असेल तर त्याचा फटका जास्त बसतो. वीज १६५ वॅट, म्हणजे चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा पॉवर सप्लाय पुरतो. ४के किंवा व्हीआरसाठी मात्र हे घेऊ नका, १२८ बिटचा मेमरी बस (चिप आणि मेमरी यांमधला डेटाचा मार्ग) तिथे तोकडा पडतो.