अरविंद गुप्तांची खेळण्यांची वेबसाइट : फोनवरून नातीला शिकवताना

घरबसल्या मुलांच्या हाताला काम हवं असेल, तर महागडं किट मागवण्याआधी अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी करायला शिकवणारी वेबसाइट बघा. फोटो, व्हिडिओ, पुस्तकं सगळं फुकट, मराठीतही बरंच काही. आयआयटी कानपूरचा हा इंजिनिअर टेल्कोतून (आताची टाटा मोटर्स) रजा काढून १९७८ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांचा खेळ तिथलाच.

मी एसटी वर्कशॉपचा फिटर, आता निवृत्त. नात बेंगळुरूला. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा आम्ही फोनवर हे सुरू केलं, ते अजून चालू आहे. ऑनलाइन वर्गात तिला दुसऱ्यानं केलेला प्रयोग नुसता बघायला मिळायचा. आमच्यात एकच नियम : कॅमेरा तोंडावर नाही, हातांवर. मग ती कुठं अडली ते मला दिसतं, आणि मी लगेच सांगत नाही.

नळीच्या तुकड्यांनी काड्या जोडून केलेला त्रिकोण दाबला तरी हलला नाही. चौकोन लगेच कलला. समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या नळ्यांना सुईनं भोक पाडून तिनं त्यात तिरपी काडी बसवली. चौकोनाचं शंकरपाळं झालं, पण घट्ट. "आबा, शेडच्या छताला असेच त्रिकोण असतात ना?" कैची म्हणतात त्याला, एवढंच मी सांगितलं.

बॅटरी, दोन सेफ्टी पिना, चुंबक आणि तारेचं वेटोळं यांची मोटार तर अप्रतिम. पण व्हिडिओ फार भरभर जातात. तारेच्या एका टोकाचं वार्निश (वीज अडवणारा थर) पूर्ण खरवडायचं, दुसऱ्याचं एका बाजूला ठेवायचं, ही खरी मेख. ती डोळ्यांसमोरून निसटते. नातीनं दोन्ही टोकं साफ खरवडली आणि वेटोळं नुसतं थरथरत राहिलं. त्यामुळे लहान मुलाच्या हाती फोन देऊन मोठ्यांनी उठून जाऊ नये. वेबसाइटची मांडणीही दाटीची आहे, हवं ते शोधायला वेळ लागतो.

व्हॉल्व्हची नळी बऱ्याच नव्या सायकलींना लागत नाही. जुन्या सायकल दुरुस्तीवाल्याकडं विचारा. वार्निशची तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते, छोटे तुकडे मागितले तर बरेचदा पैसेही घेत नाहीत.