विचित्र कंट्रोलर की दणकट हार्डवेअर? कन्सोल निवडताना काय पाहावं

नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत दोन दिवसांच्या अंतराने दोन कन्सोल बाजारात आले. १७ तारखेला सोनीचा प्लेस्टेशन ३, १९ तारखेला निन्टेंडोचा वी. पहिल्यात सेल नावाचा महत्त्वाकांक्षी प्रोसेसर, ब्लू-रे ड्राइव्ह आणि एचडी चित्र. दोन आवृत्त्यांची किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर. दुसऱ्याच्या प्रोसेसरचा वेग ७२९ मेगाहर्ट्झ, म्हणजे निन्टेंडोच्याच २००१ च्या गेमक्यूबच्या दीडपट. चित्र ४८०पीच्या, म्हणजे एचडीपेक्षा कमी स्पष्टतेच्या, पुढे जात नव्हतं. किंमत २४९ डॉलर, आणि हातात नेहमीच्या गेमपॅडऐवजी टीव्हीच्या रिमोटसारखी एक कांडी. शेवटी वी विकला गेला १० कोटींहून जास्त, प्लेस्टेशन ३ सुमारे पावणेनऊ कोटी.

यावरून अनेकांनी एक सोपा निष्कर्ष काढला की ताकद गौण, कल्पना महत्त्वाची. मग २०१२ मध्ये त्याच निन्टेंडोने ६.२ इंची पडदा असलेल्या गेमपॅडसह वी यू आणला आणि तो सुमारे १ कोटी ३५ लाखांवर अडकला. विक्रीचे आकडे असे दोन्ही पक्षांना पुरावे पुरवत राहतात. विकत घेणाऱ्याला त्यांचा फारसा उपयोग नाही, कारण त्याचा प्रश्न साधा असतो: ज्या खास गोष्टीसाठी हा कन्सोल घेतोय, ती तिसऱ्या वर्षी वापरात असेल का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. हार्डवेअरची ताकद त्या कन्सोलवरच्या जवळपास प्रत्येक गेमला थोडीफार मिळते. वेगळ्या कंट्रोलरचा फायदा मात्र प्रत्येक गेम बनवणाऱ्याने मनावर घेतलं तरच मिळतो, आणि बहुतेक जण मनावर घेत नाहीत.

ताकदीची बाजू

ताकद म्हटलं की लोक टेराफ्लॉप्स, म्हणजे ग्राफिक्स चिपचा गणितं करण्याचा वेग, मोजायला लागतात. प्लेस्टेशन ४ चे १.८४, प्लेस्टेशन ५ चे १०.२८, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्सचे १२. नुसते हे आकडे पाहून खेळण्याचा अनुभव कळत नाही. फरक पडतो तो फ्रेमरेटमध्ये, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) दिसतात त्यात. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंद पडद्यावर राहते, ६० असतील तर त्याच्या निम्मा वेळ. बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंतचा उशीर त्यामुळे घटतो. म्हणजे ताकद डोळ्यांइतकीच बोटांनाही कळते, आणि ‘कंट्रोलरचा अनुभव विरुद्ध ग्राफिक्स’ ही विभागणी तितकी खरी उरत नाही. २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रोची ओळख करून देताना सोनीचे मार्क सर्नी यांनी सांगितलं होतं की सुंदर चित्र आणि वेगवान फ्रेमरेट यांत निवड दिली, तर खेळाडू सुमारे तीन-चतुर्थांश वेळा वेग निवडतात.

दुसरी गोष्ट एसएसडीची, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी आलेल्या वेगवान स्टोरेजची. जुन्या कन्सोलवर अरुंद फटीतून अंग चोरून सरकणारा नायक आणि विनाकारण लांबलेला लिफ्टचा प्रवास आठवतो? त्यातली बरीच दृश्यं हार्ड डिस्कवरून पुढचा भाग लोड व्हावा म्हणूनच घातलेली असत. वेगवान स्टोरेज आल्यावर ती गरज उरली नाही.

आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं कारण म्हणजे ताकद जुन्या गेमनाही लागू पडते. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये एफपीएस बूस्ट आणलं तेव्हा एक्सबॉक्स वनचे कितीतरी गेम नव्या मशीनवर दुप्पट फ्रेमरेटने चालू लागले, तेही मूळ विकसकांनी कोडला हात न लावता.

तोटेही आहेत. ताकद असणं आणि ती वापरता येणं यांत अंतर असतं. सेल प्रोसेसरसाठी प्रोग्रॅम लिहिणं इतकं किचकट होतं की कागदावर दणकट असलेल्या प्लेस्टेशन ३ वर एकच गेम कैकदा एक्सबॉक्स ३६० पेक्षा कमी चांगला चालायचा. शिवाय प्रत्येक पिढीगणिक दिसणारा फरक कमी होत चाललाय. २०२२ चा ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’ २०१३ च्या प्लेस्टेशन ४ वरही निघाला आणि तिथेही देखणा दिसला. खर्चाचं तर विचारूच नका. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या खटल्यात सोनीची जी कागदपत्रं नीट न झाकता सादर झाली, त्यात ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ चा खर्च २२ कोटी डॉलर आणि ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’चा २१ कोटी २० लाख डॉलर निघाला. एवढा पैसा अडकला की कोण धाडस करणार? भाग दोन, भाग तीन आणि जुन्या गेमच्या चकचकीत आवृत्त्या मग ओघाने येतातच.

वेगळ्या कंट्रोलरची बाजू

वी रिमोटची खरी करामत त्याच्या स्वस्तपणात होती. आत वेगातला बदल आणि कल मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटर, टोकाला इन्फ्रारेड कॅमेरा. टीव्हीवर ठेवायच्या ‘सेन्सर बार’मध्ये मात्र सेन्सर नव्हताच, नुसते इन्फ्रारेड दिवे होते, बघण्याचं काम रिमोट करायचा. गेम बॉयचे जनक गुनपेई योकोई हेच शिकवून गेले होते: जुनं, स्वस्त, पक्कं झालेलं तंत्रज्ञान घ्या आणि त्याचा कुणी न केलेला उपयोग करा. १९८९ चा गेम बॉय कृष्णधवल पडदा घेऊन रंगीत प्रतिस्पर्ध्यांना पुरून उरला, कारण तो स्वस्त होता आणि त्याच्या बॅटऱ्या कितीतरी जास्त वेळ टिकायच्या.

जपानबाहेर बहुतेक ठिकाणी वीच्या खोक्यातच ‘वी स्पोर्ट्स’ यायचा. टेनिसचा फटका मारायचा तर हात फिरवा; शिकवायचं काय त्यात? ज्यांनी आयुष्यात गेमपॅड धरला नव्हता, ते लोक पाच मिनिटांत बोलिंग करू लागले. कोणत्याही टेराफ्लॉपला हे जमलेलं नाही आणि जमणारही नाही. सोळा बटणं आणि दोन काड्यांचा आधुनिक गेमपॅड नवख्या माणसासाठी भिंत आहे, हे आपण सराईत लोक सोयीस्कर विसरतो.

अडचण दुसऱ्या गेमपासून सुरू होते. ‘झेल्डा: ट्वायलाइट प्रिन्सेस’ मुळात गेमक्यूबसाठी बनलेला. वीवर आणताना लक्षात आलं की नायक लिंक डावखुरा आणि रिमोट फिरवणारे बहुतेक खेळाडू उजवे. मग काय, अख्खं जग आरशासारखं उलटवलं: पूर्वेची गावं पश्चिमेला. पुढे २०१६ मध्ये वी यूसाठी आवृत्ती निघाली तेव्हा जग पुन्हा सुलटं झालं. निन्टेंडोने निदान एवढे कष्ट तरी घेतले. इतर कंपन्यांच्या ढीगभर गेममध्ये ‘रिमोट हलवा’ हे फक्त एका बटणाच्या जागी बसवलेलं होतं, आणि बटण दाबण्यापेक्षा हात झटकायला जास्त वेळ लागतो. रिमोटची हालचाल अचूक टिपणारं मोशन प्लस २००९ मध्ये आलं, तेही वेगळं जोडायचं. ज्यांच्याकडे ते नव्हतं त्यांना सोडून फक्त त्यासाठी गेम बनवायला फार कमी विकसक तयार झाले.

कायनेक्टची कथा याहून बोलकी आहे. २०१० मध्ये एक्सबॉक्स ३६० साठी आलेला, शरीराच्या हालचाली टिपणारा हा कॅमेरा पहिल्या ६० दिवसांत ८० लाख विकला गेला. पण एका माणसाला समोर सुमारे ६ फूट मोकळी जागा लागायची, दोघांना ८. हालचाल आणि परिणाम यांत जाणवेल इतका उशीर असायचा, आणि हातात काहीच नसल्यामुळे गेममध्ये चालायचं कसं हा प्रश्न शेवटपर्यंत नीट सुटला नाही. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन कायनेक्टसकट ४९९ डॉलरला आला; प्लेस्टेशन ४ होता ३९९ ला. वर ग्राफिक्स चिपचा काही भाग कायनेक्टसाठी राखून ठेवलेला, म्हणजे वेगळेपणाची किंमत थेट ताकदीतून वसूल होत होती. जून २०१४ मध्ये कायनेक्ट खोक्यातून काढला, किंमत शंभर डॉलरनी उतरली आणि राखीव ताकद विकसकांना खुली झाली. २०१७ मध्ये उत्पादनच थांबलं. आज सिरीज एक्स एक्सबॉक्स वनचे जवळपास सगळे गेम चालवतो, ज्यांना कायनेक्ट लागतो ते वगळून.

प्लास्टिकच्या गिटारी, ड्रम, वजनकाट्यासारखा बॅलन्स बोर्ड यांची गत वेगळी सांगायला नको. माळे भरले.

तरीही विचित्रपणाला निकालात काढू नका

कारण आज ज्याला आपण साधा गेमपॅड म्हणतो, तो कधीकाळच्या चमत्कारिक कल्पनांचाच बनलेला आहे. १९९६ च्या निन्टेंडो ६४ चा तीन दांड्यांचा कंट्रोलर आजही हास्यास्पद दिसतो, पण त्याच्या मधल्या दांडीवरच्या अ‍ॅनालॉग काडीशिवाय ‘सुपर मारिओ ६४’ मध्ये हळू चालणं आणि धावणं वेगळं करता आलं नसतं. पुढच्याच वर्षी हातातला कंट्रोलर थरथरवणारा कंप आला. दोन्ही गोष्टी लवकरच सगळ्यांनी उचलल्या.

टिकलेल्या आणि बुडालेल्या कल्पनांत मला एक फरक ठळक दिसतो: टिकलेल्या कल्पना जुन्या बटणांच्या शेजारी बसल्या, त्यांना हटवून नव्हे. वी यूच्या पडद्याचा बहुतेक गेमनी नकाशा किंवा सामानाची यादी दाखवण्यापुरता वापर केला. त्याच गेमपॅडमधला, तो कसा वळतोय हे ओळखणारा जायरो मात्र ‘स्प्लॅटून’मध्ये नेम धरायला कामी आला: काडीने ढोबळ दिशा, मनगटाच्या हलक्या हालचालीने बारीक नेम. वी यूनंतरच्या निन्टेंडो स्विच या कन्सोलवरही तो तसाच चालू राहिला. प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्समधले ताण देणारे ट्रिगर याच जातीचे. प्रत्येक खोक्यात आहेत आणि नको असतील तर बंद करता येतात. सोनीच्या स्वतःच्या गेममध्ये त्यांची मजा येते; जे गेम इतर कन्सोलवरही निघतात, त्यांत ते तोंडी लावण्यापुरते असतात.

अपंग खेळाडूंच्या बाबतीत हा फरक आणखी तीव्र होतो. हात हलवायलाच लावणारा गेम काहींना दाराबाहेर ठेवतो. उलट, २०१८ चा एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर दिसायला सगळ्यात विचित्र: दोन मोठ्या तबकड्या आणि मागे १९ जॅक, ज्यांत ज्याला जसं जमेल तसं बटण, पायपट्टी किंवा खटका जोडता येतो. गेमच्या लेखी मात्र तो साधा गेमपॅडच.

मग घ्यायचं काय?

एकटे खेळत असाल, लांबलचक कथांचे किंवा नेमबाजीचे गेम आवडत असतील आणि जुना संग्रह पुढे न्यायचा असेल, तर ताकदवान, सरळसोट कन्सोल घ्या. इथे मला शंका नाही. मात्र सगळ्यात महागडी आवृत्तीच हवी असा हट्ट नको. बहुतेक गेम साध्या आवृत्तीला धरूनच बनतात.

घरात लहान-मोठे, खेळणारे-न खेळणारे एकत्र बसणार असतील तर वेगळेपणाला कौल द्या, पण खोक्यात काय आहे ते नीट बघा. उदाहरणार्थ, स्विचवरचा २०१८ चा ‘सुपर मारिओ पार्टी’ सुट्या जॉय-कॉनशिवाय (स्विचच्या दोन बाजूंच्या छोट्या कंट्रोलरशिवाय) खेळताच येत नाही, आणि स्विच लाइटला ते सुटे होत नाहीत. वेगळे आणावे लागतात. ज्या वेगळेपणासाठी खर्च करताय ते वेगळं विकत घ्यावं लागत असेल, तर विकसकही त्यावर विसंबून राहत नाहीत हे वर पाहिलंच. मुख्य आवडीच्या पाच गेमची यादी करा आणि त्यांतले किती त्या खास गोष्टीविना अधुरे वाटतील ते तपासा. दोनही निघाले नाहीत तर तो कंट्रोलर तुमच्यासाठी शोभेचा आहे.

सध्या ही कसोटी लावण्याजोगं उदाहरण म्हणजे जून २०२५ चा स्विच २. ताकद आधीच्या स्विचपेक्षा बरीच जास्त, आणि शिवाय जॉय-कॉन २ टेबलावर आडवा घासला की माऊस होतो. ‘ड्रॅग एक्स ड्राइव्ह’मध्ये माऊसवाचून गत्यंतर नाही. ‘सिव्हिलायझेशन ७’ आणि ‘मेट्रॉइड प्राइम ४’ मध्ये तो हवा तर वापरा, नाहीतर नेहमीची बटणं आहेतच. माझे पैसे दुसऱ्या प्रकारावर आहेत: निन्टेंडोबाहेरच्या कंपन्या असा ऐच्छिक माऊस किती गेममध्ये देतात, यावर नजर ठेवा.