‘नसा सुकत चालल्या आहेत’ असे सांगून झालेली फसवणूक

स्नायू आपोआप उडणे, हातापायांना मुंग्या येणे, अधूनमधून पायात गोळे येणे अशा तक्रारींचे कारण तपासण्यांत सापडत नाही, तेव्हा रुग्णाच्या मनात जी भीती शिल्लक राहते, तिच्यावरच पोसलेला एक धंदा नाशिकमध्ये मी जवळून पाहिला आहे. त्यात माझे अडतीस हजार रुपये गेले. पैशांपेक्षाही गंभीर गोष्ट अशी की, त्या काळात मला खऱ्या डॉक्टरांपासून पद्धतशीरपणे दूर ठेवण्यात आले आणि प्रकृतीला अपायही झाला. माझ्यासारखी लक्षणे असलेल्यांनी हे वाचावे, एवढ्यासाठी सविस्तर लिहीत आहे.

तापाच्या मोठ्या आजारातून उठल्यानंतर माझ्या उजव्या पोटरीत कातडीखाली काहीतरी वळवळल्यासारखे होऊ लागले. पुढे तसेच दंडात, मांडीत आणि डोळ्याच्या पापणीत होऊ लागले. रात्री मोबाईलवर शोध घेतला की प्रत्येक वेळी मोटर न्यूरॉन डिसीज या स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या मज्जासंस्थेच्या गंभीर आजाराचे नाव समोर येई आणि मग झोप उडे. शाळेत फळ्यावर लिहितानाही हातातला जोर कमी झाला आहे का, याकडेच माझे लक्ष असे. घरी आल्यावर चवड्यांवर आणि टाचांवर चालून पाहायचे, दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजायचा, हा रोजचा क्रम झाला होता. गंगापूर रोडवरील न्यूरॉलॉजिस्टनी हातापायांतील ताकद तपासली, छोट्या हातोडीने गुडघ्याचे व घोट्याचे झटके पाहिले आणि बी-१२, थायरॉइड, कॅल्शियम व सीपीके (स्नायूंना इजा झाली आहे का ते दाखवणारी) या रक्ततपासण्या करून घेतल्या. सर्व काही ठीक होते. ताकद कमी झालेली नसताना केवळ स्नायू उडणे हे बहुतेक वेळा निरुपद्रवी असते, त्यामुळे ईएमजीची (स्नायूत बारीक सुई घालून त्यातील विद्युत हालचाल पाहणाऱ्या तपासणीची) सध्या गरज नाही, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. परंतु भेदरलेल्या मनाला ‘काही नाही’ याचा अर्थ ‘अजून सापडलेले नाही’ असाच लागतो, आणि या धंद्यातील लोकांना हे पक्के ठाऊक असते.

वर्तमानपत्रातून आलेल्या एका पत्रकात सिडकोतील एका सभागृहात ‘मोफत नस तपासणी शिबिर’ असल्याचे छापलेले होते. तेथे नाव, वय, उंची आणि वजन लॅपटॉपमध्ये भरून घेत आणि धातूची एक कांडी मुठीत धरायला देत. कांडीची वायर लॅपटॉपला जोडलेली होती. मिनिटभर पडद्यावर रंगीत पट्ट्या वरखाली होत आणि मग प्रिंटरमधून पानेच्या पाने बाहेर पडत. त्यांत हृदय, यकृत, हाडे, मेंदूच्या नसा अशा प्रत्येकापुढे दशांश चिन्हापर्यंतचे आकडे होते. पांढरा कोट घातलेल्या गृहस्थांनी लाल आकड्यांवर पेनने गोल केले आणि आवाज खाली आणून ते म्हणाले, “ताई, नसा सुकत चालल्या आहेत. सहा महिन्यांपूर्वी यायला हवे होते. डॉक्टर लोकांना हे दिसत नाही, कारण एमआरआयमध्ये बारीक नसा येतच नाहीत.”

या शेवटच्या वाक्यात थोडेसे तथ्य आहे, म्हणूनच ते इतके घातक आहे. हातापायांतील अतिसूक्ष्म नसा नेहमीच्या एमआरआयमध्ये दिसत नाहीत, हे खरे. परंतु नसांचे आणि स्नायूंचे काम कसे चालले आहे हे पाहण्यासाठी नर्व्ह कंडक्शन (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी) आणि ईएमजी या तपासण्या असतात. त्यांचा विषय निघताच ‘सुया टोचून नसा कायमच्या निकामी होतात’ असे मला सांगण्यात आले, ते धादांत खोटे आहे. आणि मुठीत कांडी धरून सगळ्या अवयवांचे आकडे सांगणाऱ्या यंत्राला तर वैज्ञानिक आधारच नाही.

त्यानंतर ‘नस पुनरुज्जीवन कोर्स’ सुरू झाला. त्यात पायांना कंप देणारे यंत्र, पट्ट्या, तेल आणि बिनओळखीच्या कंपनीच्या गोळ्या होत्या. पैसे एका व्यक्तीच्या खात्यावर यूपीआयने घेतले गेले आणि पावतीवर फक्त ‘वेलनेस सेवा’ एवढेच लिहिले गेले. काही आठवड्यांनी तळव्यांना पूर्वी नव्हती अशी सततची झिणझिण सुरू झाली. विचारल्यावर उत्तर मिळाले, “जुना आजार बाहेर पडतो आहे, आता मध्येच सोडू नका.” फार्मसी शिकणाऱ्या माझ्या भाचीने डबीवरचा बारीक मजकूर वाचला, तेव्हा एका गोळीत पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६ जीवनसत्त्व, १०० मिलिग्रॅम असल्याचे दिसले, आणि मला दिवसातून तीन गोळ्या सांगितलेल्या होत्या. प्रौढ स्त्रीची रोजची गरज साधारण दोन मिलिग्रॅम असते. हे जीवनसत्त्व दीर्घकाळ जास्त प्रमाणात घेतले तर संवेदनांच्या नसांना इजा होते आणि मुंग्या येतात. नसांसाठी म्हणून विकलेली गोळीच नसांना अपाय करू शकते, हे न्यूरॉलॉजिस्टनी मला समजावून सांगितले. माझी झिणझिण त्यामुळेच होती, असे त्यांनी ठामपणे म्हटले नाही. गोळ्या मात्र त्याच दिवशी बंद करायला लावल्या. झिणझिण नंतर हळूहळू कमी झाली.

त्या केंद्रात भेटलेल्या, साधारण माझ्याच वयाच्या एका बाईंचा रिपोर्ट मी माझ्या रिपोर्टशेजारी ठेवून पाहिला. त्यांना मधुमेह होता, मला नाही. तरीही निष्कर्षांची वाक्ये शब्दशः तीच होती. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘ही वैद्यकीय चाचणी नाही’ असेही छापलेले होते.

कायदा या बाबतीत गप्प नाही. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय अधिनियमाच्या अनुसूचीत मज्जासंस्थेचे विकार आणि पक्षाघात यांचा समावेश असून, ते बरे करण्याचा दावा करणारी औषधांची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. डॉक्टर म्हणवणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारावा आणि तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे किंवा संबंधित उपचारपद्धतीच्या परिषदेकडे पडताळून घ्यावा. मी क्रमांक विचारला, तेव्हा “आम्ही डॉक्टर नाही, थेरपिस्ट आहोत” असे उत्तर आले. पांढरा कोट मात्र अंगावर होताच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तेथे शुल्क लागत नाही.

आता माझ्या लक्षणांविषयी. पोटरी अजूनही उडते. जागरण झाले, चहा वाढला किंवा मनावर ताण आला की जास्त उडते. घाबरल्यावर श्वास जलद होतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेही ओठांभोवती व बोटांना मुंग्या येतात, हे कळल्यावर माझी निम्मी भीती ओसरली. समुपदेशक बाईंनी पोटरी मोजण्याचा टेप घरातून काढायला लावला आणि शोध घेण्याची इच्छा झाली की ती ताबडतोब न भागवता लांबवण्याचा सराव दिला. हा सराव सुरुवातीला फार जड जातो, पण औषधाइतकाच उपयोगी पडतो. खर्च परवडत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. चालताना पायातून चप्पल निसटणे, शर्टाची बटणे लावता न येणे, बोलताना जीभ जड होणे किंवा घास गिळताना अडकणे, अशी खरी अशक्तता जाणवली तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट न पाहता न्यूरॉलॉजिस्टकडे जावे.

माझी तक्रार दाखल झाली आहे. पत्रक, पावती, यूपीआयच्या नोंदी, रिपोर्टची सर्व पाने आणि गोळ्यांची अर्धी डबी मी तिच्यासाठी जपून ठेवली आहे. ज्यांच्याकडे अशा केंद्राचे कागद असतील, त्यांनी रागाच्या भरात ते फाडू नयेत. शिल्लक गोळ्याही लेबलसह तशाच ठेवाव्यात.